फोडायचे राहिलेले दिवे

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर एका मोठ्या माणसाबद्दल लिहायला बसलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

कोल्हारातले आमचे शेजारी फिलिपमामा कुठलीही वस्तू आधी हलवून बघतात. कलिंगड, घड्याळ, नवी खुर्ची, काहीही. भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाचा हात धरून असा गदागदा हलवला की त्याचा चष्मा खाली पडला. "खांदा ढिला हाय," मामा म्हणाले, "पन चालंल."

ही धंद्याची सवय. मामा पत्र्याच्या शेडमध्ये लष्कराच्या ट्रकचे मागचे लाल दिवे बनवायचे आणि आत काही ढिलं नाही ना म्हणून प्रत्येक दिवा हलवून बघायचे. असा माल सरकार फक्त मान्यता दिलेल्या पुरवठादारांकडून घेतं. त्या यादीत मामांचं नाव होतं, आणि त्या नावावर त्यांचं आणि शेडमधल्या दोन बायांचं घर चालायचं. रंग जरासा फिका निघाला तरी दिवा नापास. नापास दिवा फोडून टाकायचा, बाहेर कुणाला द्यायचा नाही, असा नियम.

मामांच्यानं फोडवत नसे. ते दिवे ते उसाच्या ट्रॉल्यांना फुकट बसवत.

माझे वडील ट्रॅक्टरवर आहेत. ते चिडवायचे, "फिलिपभाऊ, उसाला कशाला लष्कराचा थाट?"

"गप ऱ्हा. ट्रॉली फुडं घे."

गेल्या हंगामात दिव्यांच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांची जीप नेमकी अशाच एका ट्रॉलीमागं अडकली. समोर लष्करी दिवा! साहेब तडक शेडमध्ये आले, मागोमाग मी आणि वडीलही. वडील मामांच्या कानाला लागले, "चोरीला गेले म्हना."

"म्या लावले, साहेब," मामा म्हणाले.

"नियम माहीत नाही?"

"हाय की." मामांनी हातातला दिवा खाली ठेवला. "आमची मारिया अशाच बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आदळून गेली. मोटारसायकल मीच चालवत हुतो."

मामी अपघातात गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं.

साहेब जीपकडे वळले. "मला वर कळवावं लागेल, फिलिप," एवढंच म्हणाले.

मग नुसती वाट बघणं. मामा जेवतानाही फोन ताटाशेजारी ठेवत.

परवा दुपारी कळलं. यादीतून नाव काढलंय. मामांनी दोन्ही बायांना ते स्वतः सांगितलं, शेडला कुलूप लावलं आणि आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुज्या दुसऱ्या ट्रॉलीला दिवा न्हाई ना रं?" त्यांनी वडिलांना विचारलं. "शेडमदी लई पडलेत."