सबूत मागणारे किशनराव

चौथीच्या वर्गात मी नाकाचा धडा घेतला, ही माझी चूक. पुस्तकात तसा धडा नव्हता. पण शेजारच्या किशनरावांकडून ऐकलेलं शहाणपण कुठंतरी पाजळायचं होतं. "नाक बापाचं, केस आईचे, सगळं जन्माआधीच ठरलेलं," असं म्हणत मी एकेका लेकराला उभं केलं. "तुझं नाक कुणाचं?" पोरं हौसेनं सांगत होती. त्या भरात मी किशनरावांच्या कौसालाही विचारलं. ती उभी राहिली, नाकाला हात लावला आणि खाली बसली.

नऊ-दहा वर्षांमागं, निजामी संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ताडकळसच्या बाजारात एक तान्हं लेकरू रडत पडलेलं होतं. कुणाचं ते कळेना. किशनरावांनी ते घरी आणलं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कौसालाही. मलाही, फक्त त्या घटकेला आठवलं नाही.

किशनराव परभणीत सरकारी बियाण्याच्या शेतावर कामदार, म्हणजे मजुरांवर देखरेख करणारे. बायको कधीच वारलेली. परसात हौसेच्या कपाशीच्या चार ओळी. रोज दिवस कलला की उद्या उमलणाऱ्या कळ्यांची तोंडं ते लाल धाग्यानं बांधत, म्हणजे माशी परक्या झाडाचा पराग आणायची नाही. त्यांची ती गाठ मला कधी सुटली नाही. पिवळ्या फुलाच्या कपाशीची पांढऱ्या फुलाच्या कपाशीशी जोडी लावली की लेकरं सगळी पिवळी. नातवंडांत मात्र पांढरं फूल पुन्हा हजर. "कुटं गेलं नव्हतं ते, मास्तर. आत दडून होतं!"

बाकी कशालाही त्यांचा एकच सवाल, "सबूत काय?" माझी बायको म्हणाली, भाजीत मीठ घातलंय, तर आधी चाखणार, मग मान हलवणार. एकदा मी सांगितलं, परदेशातले काही पंडित म्हणतात, झाडाला सवय लावली की ती बियाण्यात उतरते.

"सबूत?"

मी वर्तमानपत्र पुढं केलं.

"हे सबूत न्हाई. हे छापलेलं हाय."

विलायतेत जिवाच्या पेशीत डीएनएची पिळाची शिडी सापडल्याची बातमी मात्र त्यांनी कापून देवाच्या फळीवर ठेवली होती. "जे उतरायचं ते ह्या शिडीवरून, मास्तर. लाड, माया, शिकवण, त्येला हितं पायरीच न्हाई."

त्या संध्याकाळी माफी मागायला मी कुंपणापर्यंत गेलो आणि थबकलो. किशनराव कळ्या बांधत होते. कौसा धाग्याचं रीळ धरून शेजारी उभी होती.

"आबा, माज्यात कुणाचं दडून हाय?"

"ठावं न्हाई, माय."

"मग मी तुमची हाय, ह्येला सबूत काय?"

हुबेहूब त्यांचाच सूर. किशनरावांचा हात कळीवर तसाच राहिला. कुंपणाआड मी, खोकावं की पळावं, कळेना.

"सबूत न्हाई," ते म्हणाले. "जल्मात येवडी एकच गोष्ट मी सबूत न मागता धरलीय, पोरी. तू मागू नको."

मग तिचा हात धरून ते घरात गेले. निम्म्या कळ्या तशाच उघड्या राहिल्या. मी शेजारी राहायला आल्यापासून तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

कौसाची वेणी रोज सकाळी माझी बायको घालत असे. दुसऱ्या दिवशी कौसा आलीच नाही. मी चहा घेत बसलो होतो. इतक्यात ती दप्तर घेऊन आमच्या दारावरून शाळेकडं निघालेली दिसली. वेणी एका कानाकडं कललेली, टोकाला लाल धागा.

"माझ्यावर रागावली वाटतं," मी म्हणालो.

बायको उंबऱ्यात उभी राहून पोर दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

"वेणी लय वाकडी घातलीय," ती म्हणाली. "उद्यापासून मीच घालीन. पण गाठ मात्र किशनरावांनाच मारू द्यायची."