गंजूभाऊंचा अनुस्वार

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलेल्या गजूभाऊंनी मुलीकडे पाहिलंच नाही. पोहे आले, चहा आला, मुलगी येऊन बसली, आणि हे खिडकीपाशी उभे राहून ग्रीलवर अंगठ्याचं नख घासत होते. मुलीच्या वडिलांनी घाबरून विचारलं, "काही चुकलं का आमचं?"

"ग्रील केव्हाचं?"

"घर बांधलं तेव्हाचं."

"आणि गंजाचा ठिपका नाही. कोण बघतं ह्याच्याकडे?"

बघत होती ती मुलगीच. गजूभाऊंनी तिथल्या तिथे पुतण्याच्या पाठीवर थाप मारली आणि लग्न ठरलं. आता ते दोघं नालासोपाऱ्यात सुखाने नांदताहेत. गजूभाऊ दर दिवाळीला त्यांच्याकडे जातात ते फराळाला नव्हे, ग्रील बघायला, असा माझा दाट संशय आहे.

वसईजवळच्या गिरीज गावात माझं घर आणि त्यांची केळीची वाडी यांच्यात एक जास्वंदीचं कुंपण आहे. मी शाळेत मराठी शिकवायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल गोल काढत आले, आणि निवृत्त होऊन इथे राहायला आले तरी हाताची सवय काही गेली नाही. लग्नपत्रिका आली की आधी चुका बघते, मग तारीख. गावात लहानथोर सगळे गजूभाऊंना 'गंजूभाऊ' म्हणतात. मी म्हणत नाही. नाव गजानन, त्याचं गजू होतं, ग वर अनुस्वार यायचं काही कारण नाही. दिवसरात्र गंजाच्या मागे लागलेल्या माणसाला गाव गंजूभाऊ म्हणणार, हा विनोद मला कळत होता. पण विनोदासाठी शुद्धलेखन सोडायची माझी तयारी नव्हती.

आमच्याकडे वारा खारा. बाहेर राहिलेली सुई आठवड्यात शिवायच्या लायकीची राहत नाही. त्यामुळे गंजाकडे लोक जावयासारखं बघतात, येणार आणि खाणारच म्हणून. गजूभाऊंनी मात्र त्याच्याशी उभा दावा मांडलेला. रस्त्याने जाताना ते लोकांच्या फाटकांवर टिचकी मारून कान लावतात. विचारलं तर म्हणतात, "नाडी बघतो."

त्यांचा मंत्र एकच, "आधी खरवडा." जुना गंज खरवडल्याशिवाय वरून कितीही रंग फासला तरी पोपडे धरणार, हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते लोखंडापुरतं ठेवतील तर शपथ. मत मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी फाटकातच विचारलं, "आधीचं खरवडलंत का?" बिचारा पहिल्यांदाच उभा राहिला होता, तरी घाम पुसत निघून गेला. माझा आणि आमच्या ह्यांचा अबोला असला की कुंपणापलीकडून सल्ला येतो, "बाई, जुनं खाली ठेवून वरवर गोड बोलू नका. आधी खरवडा." आम्ही खरवडतो, आणखी कडाक्याचं भांडण होतं, आणि संध्याकाळी खरंच बरं वाटतं. याचा मला फार राग येतो.

आता कारखान्याविषयी. वनस्पतींपासून गंजरोधक रंग बनवणारा आमच्या आळीतला हा एकमेव कारखाना माझ्या शिव्यांतून जन्माला आला, हे कुणी लिहून ठेवणार नाही म्हणून मीच लिहिते. झालं असं की आमचे हे हौसेने गजूभाऊंच्या वाडीत केळीचा घड उतरवायला गेले, तेही नवा पांढरा शर्ट घालून. केळीचा चीक लागला. मी धुण्याच्या दगडावर उभी राहून बोलत होते, "लिंबू लावलं, मीठ लावलं, रॉकेल लावलं. शर्ट फाटेल, पण हा मेला डाग जायचा नाही."

कुंपणाच्या वर गजूभाऊंचं डोकं आलं. "बाई, परत म्हणा."

"काय परत म्हणू?"

"आत्ता म्हणालात ते."

मी परत म्हटलं, जास्त जोरात म्हटलं. ते थोडा वेळ शर्टाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शर्टावरून जात नाही, तर लोखंडावरून का जाईल?"

वसईत केळी लावणाऱ्यांच्या किती पिढ्या या डागाला शिव्या देत आल्या, पण हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तो शर्ट गजूभाऊंनी मागून नेला. आजही कारखान्यात खिळ्याला टांगलेला आहे, देवाच्या तसबिरीशेजारी.

कारखाना म्हणजे त्यांचा रिकामा गोठा. घड उतरवल्यावर केळीचं खोड लोक बांधावर टाकून देतात. गजूभाऊ ती खोडं स्कूटरवर पुढ्यात उभी करून आणायचे, लांबून वाटायचं आजारी माणसाला दवाखान्यात नेताहेत. खोडाचा रस काढायचा, आटवायचा, त्यात जवसाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल आणि राळ घालून ढवळत बसायचं. वास असा सुटायचा की महिनाभर आमच्याकडे पाहुणा फिरकला नाही. त्या महिन्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

पहिला रंग त्यांनी आमच्या मागच्या ग्रीलला लावला. दुसऱ्या दिवशी गिरीजमधल्या यच्चयावत मुंग्या ग्रीलवर. मी हाका मारून बोलावलं तर मुंग्या बाजूला सारून नख घासत म्हणाले, "गंज आहे का? नाही ना? मग झालं."

परवान्यासाठी एक साहेब पाहणीला आले. हा भाजीपाला की रसायन, हेच त्यांना ठरवता येईना. विचार करता करता ते ओल्या खोडावर बसले. आठवड्याने त्यांचा फोन आला, पँटीचा डाग कशाने जातो म्हणून. गजूभाऊंनी शांतपणे विचारलं, "जात नाही ना? मग मंजूर समजू?"

हळूहळू मुंग्या यायच्या थांबल्या आणि रंग जमला. दाट, तपकिरी, नखाला दाद न देणारा. पाचूबंदरच्या एका नाखव्याने होडीच्या नांगराला लावून बघितला आणि आणखी मागायला आला. पण एवढ्यावर समाधान मानतील तर ते गजूभाऊ कसले. त्यांना हवा होता बिनरंगाचा रंग.

मी म्हटलं, "अहो, ज्याला रंग नाही त्याला रंग म्हणत नाहीत."

"पाण्यासारखा हवा, बाई. आणि न खरवडता लावता आला पाहिजे."

हे कोण म्हणतंय, तर ज्यांनी आम्हाला खरवडून खरवडून बेजार केलं ते. चीक वाऱ्याला लागला की काळवंडतो, त्यामुळे प्रत्येक घाणा तपकिरीच व्हायचा. ते प्रत्येक वेळी थोडा बाटलीत भरून उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "अजून चहाच आहे." मग पुन्हा चूल पेटायची.

डब्यावरच्या लेबलाचा घोळ तर विचारू नका. रंगाचं नाव त्यांनी ठेवलं 'गंजानन'. मजकूर तपासायला माझ्याकडे दिला, मी अर्थातच अनुस्वार उडवला. लेबलं छापून आली तशी गजूभाऊंनी परत पाठवली. "टिंब कुठाय?" दुसऱ्यांदा छापखानेवाल्याने आपल्या अकलेने उडवला, पुन्हा परत. आळीतल्या एकाने देवाच्या नावाची थट्टा नको म्हणून टोकलं, तर म्हणाले, "देवाचं नाही, माझं नाव आहे." मला वाटलं, धंद्याची युक्ती. युक्ती म्हणून बरी होती, म्हणून मी नाक मुरडून गप्प बसले.

सगळं होतं, पण मोठं काम मिळत नव्हतं. इथे एक फाटक, तिथे दोन सायकली. नाशिकला दिलेली लेक मेघा रोज फोनवर म्हणायची, "बाबा, एकट्याने कशाला उकळत बसलाय? दसऱ्यापर्यंत बघा. नाही जमलं तर शेड बंद करा, घराला कुलूप लावा आणि इकडे या." गजूभाऊ हो म्हणायचे. ते हो ऐकून मी उगाच जास्वंदीची पानं खुडत राहायचे.

आणि दसऱ्याच्या तोंडावर जूचंद्रकडच्या एका मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. इमारतींची सगळी ग्रीलं आणि जिन्यांचे कठडे रंगवायचे होते. हे काम मिळालं तर कारखाना राहणार होता, घर उघडं राहणार होतं. पण ते आत यायच्या आधीच फाटकापाशी थांबले.

गजूभाऊंचं फाटक हा गावात चेष्टेचा विषय होता. उजवं दार गंजून तांबडं झालेलं. डाव्या दारावर निळी ताडपत्री, सुतळीने घट्ट आवळलेली. मी इथे आले तेव्हापासून ती तशीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सेक्रेटरी हसून म्हणाले, "वैद्यबुवा स्वतःचं औषध घेत नाहीत वाटतं? असं करा, आधी हे फाटक रंगवा. रविवारी येतो. ते बघून ठरवू."

सोमवारी गजूभाऊंनी उजवं दार खरवडून रंगवलं. काय देखणं झालं. डाव्याला हात लावला नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. शनिवारी मला राहवेना. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि कात्री घेऊन मी गेले आणि सुतळी कापायला लागले. म्हटलं, ह्यांना जमत नसेल तर मी खरवडते.

गजूभाऊ हातात ढवळायचं दांडकं घेऊन बाहेर आले. ओरडले नाहीत. माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाले, "तेवढं सोडून, बाई."

मग त्यांनीच ताडपत्री वर केली. आत पत्रा होता. पत्र्यावर निळ्या रंगात, ठसठशीत, हाताने काढलेली अक्षरं होती. गजानन. आणि सुरुवातीच्या ग वर एक थेंब.

"आमच्या सुमनने काढलंय," ते म्हणाले.

सुमनवहिनींना मी पाहिलेलं नाही, मी इथे यायच्या आधीच त्या गेल्या. माहेर जूचंद्रचं, आणि तिथे रांगोळी म्हणजे खेळ नाही. घर बांधलं तेव्हा नाव घालायला पेंटर बोलावला होता. वहिनींनी त्याला परत पाठवलं, ठिपका न चुकणारा हात घरात असताना पेंटर कशाला म्हणून. सगळी अक्षरं झाली आणि ब्रश उचलताना थेंब पडला.

"मी पुसायला फडकं घेतलं, तर हात धरला माझा. म्हणाली, राहूं दे. पानी लागला तरी नाय जानार." गजूभाऊ हसले. "त्या दिवसापासून मी गंजानन. चारचौघांत हाक मारायची, अहो गंजूभाऊ. म्हटलं, नवऱ्याला भाऊ म्हणतेस, लोक काय म्हणतील? तर आणखीच हसायची. गाव तिच्याकडून शिकलं."

म्हणजे गंजावरून नाव पडलं नव्हतं. नाव आधीचं होतं.

"ती गेली, त्याच पावसाळ्यात ज च्या पोटात पहिला गंज दिसला. खरवडलं तर अक्षर जातं. वरून रंग लावला तर झाकलं जातं. ती तर म्हणाली होती, नाही जाणार." त्यांनी ताडपत्री पुन्हा खाली सोडली. "म्हणून बिनरंगाचा हवा होता."

मी पॉलिश पेपर पदराखाली लपवून घरी आले. चहा केला, तो प्यायले नाही. मला त्या बाईची इतकी आठवण येत होती, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

रविवारी मी शाळा तपासणीला नेसायची ती साडी नेसून हजर झाले. सेक्रेटरींनी खिशातली किल्ली काढून उजव्या दारावर करकरून ओढली. ओरखडा उठला नाही. खूश झाले. मग म्हणाले, "आणि हे अर्धं का?"

 गजूभाऊंनी पुढे होऊन सुतळी सोडली, ताडपत्री काढली. "हे मी रंगवणार नाही. काम द्या, नका देऊ."

सेक्रेटरी वाकून मोठ्याने वाचू लागले. "गं-जा-नन. पेंटरने घोटाळा केलाय की. वर अनुस्वार जास्तीचा पडलाय."

गजूभाऊंची मान खाली गेली. आणि माझा वर्गातला आवाज कुठून आला कोण जाणे.

"चूक नाही ती. मी मराठीची बाई आहे, जन्मभर हेच तपासत आले. हा अनुस्वार इथेच पाहिजे."

सेक्रेटरी चटकन ताठ उभे राहिले. "हो, बाई," म्हणाले. मग पुन्हा एकदा त्या अक्षरांकडे बघितलं, गजूभाऊंकडे बघितलं, आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनींनी काढलंय?" गजूभाऊंनी मान हलवली. दोन इमारतींचं काम त्यांनी तिथेच दिलं, बाकीचं हे बघून देऊ म्हणाले. संध्याकाळी गजूभाऊंनी मेघाला फोन करून सांगितलं, "सासुरवाडीचं काम आलंय, नाही कसं म्हणू? आता येणं जमायचं नाही."

दिवाळीनंतरच्या घाण्याला बाटली उन्हात धरली तर पलीकडची जास्वंद दिसली. गजूभाऊंनी बारीक ब्रश घेतला आणि शेवटच्या न पासून सुरुवात केली. पंधरा दिवसांनी, काळवंडत नाही असं बघून, दुसरा न. मग आणखी दोन आठवड्यांनी ज.

मी कुंपणाशी उभी राहून म्हटलं, "उलटं कशाला लावताय? सुरुवातीपासून लावा की."

"बिघडला तर नाव बिघडेल. ते माझं आहे, चालेल."

"आणि टिंब?"

"ते सगळ्यात शेवटी."

काल ग वर हात फिरवून झाला. थेंबाच्या अगदी खाली येऊन ब्रश थांबला, आणि गजूभाऊ तसेच बसून राहिले. चहाचा कप कुंपणावरून पुढे करत मी म्हटलं, "गंजूभाऊ, चहा निवतोय."

त्यांनी वळून पाहिलं. ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"बाई," मग म्हणाले, "परत म्हणा."

मी परत म्हटलं.