चाचणी अर्ज क्रमांक एक

नाशिकच्या फूल व किरकोळ विक्री नियमन कार्यालयातली एकवीस टेबलं रद्द करून त्यांच्या जागी एकच ऑनलाइन टेबल निर्माण करण्याचा निर्णय एका सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता, म्हणजे कार्यालय उघडल्या उघडल्या, घेण्यात आला. टेबलाचं नाव 'समूहमेज' असं ठरलं. कॉम्प्युटर लावायचा, इंटरनेटवरून आत शिरायचं, की समोर एक ऐसपैस मेज. त्यावर सगळ्यांच्या फायली आणि सगळ्यांची ॲप्स, आवकेचं वेगळं, टिपणीचं वेगळं, शिक्क्याचं वेगळं. एकवीस माणसांनी एकाच कागदावर एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून काम करायचं. एवढे खांदे एका वेळी कार्यालयात हजर असतात का, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारला नाही.

हे मेज घडवण्याचं काम मंजुषा पिंगळेला मिळालं. गंगापूर रोडला तिची चार माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. पोरगी हुशार, कामाला वाघ. वडील चिमाजी मखमलाबादला फुलशेती करतात आणि फूलबाजारातल्या सतरा नंबरच्या ओट्यावर बावीस वर्षं बसून फुलं विकतात. त्या ओट्याचा परवाना दर पाच वर्षांनी याच कार्यालयातून नवा करून घ्यावा लागतो, आणि तो नेमका या दसऱ्याआधी संपत होता. शेतात अर्धा एकर झेंडू फुलायला आलेला. ओटा गेला तर तो झेंडू घेऊन म्हाताऱ्यानं जायचं कुठं?

मेज तयार झालं तसा हेडक्लार्क किशोर आहिरे यांनी मुद्दा काढला. यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात.

"मॅडम, चाचणीला खरा अर्ज पाहिजे. खोट्या अर्जावर आमची माणसं काम करत नाहीत."

खऱ्यावर करतात का, हे मंजुषानं विचारलं नाही. तिनं वडिलांचाच अर्ज भरून दिला. चाचणी होऊन जाईल आणि रांगेत न थांबता अण्णांचं कामही उरकेल, असा तिचा साधा विचार. आता याला काही कोणी वशिला म्हणणार नाही. घरचंच तर माणूस.

अर्जाला क्रमांक एक पडला. एकवीस जणांना तो एकाच क्षणी दिसला आणि घोडं तिथंच अडलं. चार दिवस झाले तरी एकही सही होईना.

"माझ्या खालच्याची सही आल्याशिवाय मी कशी करणार?" भाऊसाहेब म्हणाले.

खालच्यानं त्याच्या खालच्याकडे बोट दाखवलं. असं करत करत चौकशी सहादू शिपायापर्यंत गेली, आणि शिपायानं सही करावी असा नियम नव्हता. शेवटी कागद एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाईल अशी सोय मंजुषाला करावी लागली.

"म्हणजे परत एकवीस टेबलं झाली की, भाऊसाहेब."

"टेबलं नाही मॅडम, टप्पे."

मग कार्यालयाचे प्रमुख देवरे साहेबांनी बोलावलं. मेजावर साहेबांचा फोटो दोन कारकुनांच्या मधोमध, त्यांच्याच मापाचा दिसत होता. साहेब रागावले नाहीत, फक्त समन्वयात अडचण येते म्हणाले. मंजुषानं फोटो मोठा केला. तेवढ्यानं समन्वय होईना, म्हणून साहेबांना वेगळं मेज दिलं, मेजाभोवती खोली दिली, खोलीला दार दिलं, आणि दारावर कोणी टिचकी मारली की 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं आपोआप सांगणारं ॲप बसवलं. समूहमेजावरचं हे ॲप मात्र आजतागायत एकदाही बंद पडलेलं नाही.

यशस्वी प्रयोग म्हणून समूहमेज तालुक्यांना दाखवायचं ठरलं. प्रशिक्षणं लागली, चहा-नाश्ता झाला, आणि सगळीकडे सरावाला अर्ज एकच होता, क्रमांक एक. सटाण्यात फुलांचा रकाना सापडेना, म्हणून चिमाजींच्या झेंडूचा कांदा करण्यात आला. मालेगावी त्यांच्याकडे यंत्रमागाचा ना-हरकत दाखला मागितला. सिन्नरला वारस नोंदीचा धडा होता, म्हणून आधी अर्जदाराला मयत दाखवलं. पुन्हा जिवंत करणार तोच जेवणाची सुट्टी झाली आणि सुट्टीनंतर सगळे एसटी पकडायला गेले.

दर टप्प्याला चिमाजींच्या मोबाईलवर मेसेज येई. पहिल्या मंजुरीला त्यांनी गल्लीत पेढे वाटले. तिसऱ्या मंजुरीनंतर वाटायचे बंद केले.

"पोरी, सकाळपासून मी दोनदा मंजूर झालो आन एकदा नामंजूर," ते फोनवर म्हणाले. "आन सिन्नरवाल्यांनी तर मला वारलेला दाखवलंय. आता वट्यावर बसू का नको, तेवढं इचारून सांग."

मंजुषा तडक भाऊसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. दसऱ्याला सहा दिवस होते.

"भाऊसाहेब, वडिलांचा अर्ज चौदा वेळा मंजूर झालाय. त्यातली एक तरी मंजुरी धरा."

"त्या चाचणीच्या मंजुऱ्या, मॅडम. त्या कशा धरणार?"

"मग ते मयत दाखवलंय तेही चाचणीतलंच. ते काढून टाका."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"मंजुरी चाचणीची असते, मॅडम. मृत्यू चाचणीचा कसा असेल? ती नोंद आहे. नोंदीला हात लावता येत नाही."

"माणूस जिवंत आहे. उद्या समोर आणून उभा करते."

"आणा की. पण त्यांनी अर्ज केला पाहिजे, आणि मयताचा अर्ज सिस्टिम घेत नाही. ओटा रिकामा दिसतोय, तो आपोआप प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला जाईल. तुम्हीच तसं बनवलंय. आणि छान बनवलंय, बरं का."

मंजुषानं कपाळावर हात मारला. बाहेर येऊन तिनं टपरीवर चहा सांगितला. मग तिनं मोबाईल काढला आणि कॉलेजच्या मैत्रिणीला, शुभांगीला, फोन लावला.

"शुभे, तुझे मोठे दीर देवरे साहेबांच्या बॅचचे ना गं?"

पुढचं सगळं वीस मिनिटांत झालं. दीरांचा साहेबांना फोन गेला, साहेब मीटिंगमधून बाहेर आले, एक कोरा कागद घेतला, निळ्या शाईनं परवाना लिहिला, खाली गेल्या महिन्याची तारीख टाकली. सहादूनं लाकडी शिक्का शोधून फुंकर मारून उमटवला. कुणाच्या खालच्याची सही लागली नाही.

"अहो, आधीच सांगायचं," साहेब म्हणाले. "आपल्याच माणसाला एवढा त्रास."

दसऱ्याच्या दिवशी पहाटे चिमाजींनी सतरा नंबरवर झेंडूचा ढीग लावला. मंजुषा मदतीला होती. उजाडता उजाडता पेठ तालुक्यातून जीपनं आलेली एक बाई ओट्यासमोर उभी राहिली. डोक्यावर आपट्याची पानं, भाताच्या लोंब्या, झेंडूची पाटी, आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला छापील कागद. नाव चिमणाबाई. चार वर्षं ती प्रतीक्षा यादीत होती. तिचा अर्ज एकवीस टप्पे नियमानं पार करून आला होता. कुणाला फोन नाही, कुणाची ओळख नाही. समूहमेजाच्या सबंध कारकिर्दीत धडपणे चाललेला तो एकच अर्ज.

"सतरा नंबर माझा हाय," ती म्हणाली. "ह्यात लिवलंय."

चिमाजींनी खिशातला निळ्या शाईचा कागद काढला. दोघं एकमेकांचे कागद बघत राहिले. दोघांनाही त्यातली सरकारी भाषा नीट कळत नव्हती. चिमणाबाईनं आपला कागद मंजुषापुढे धरला, कारण ती शिकलेली दिसत होती.

"ताई, हा कागद खरा नाय का?"

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात मंजुषाच्या कंपनीचं नाव होतं. असा एक तरी अर्ज नीट जावा म्हणून तिनं आठ महिने जिवाचं रान केलं होतं. तिला लाज वाटली. खरंच वाटली. तिनं अण्णांकडे पाहिलं, अर्ध्या एकराच्या ढिगाकडे पाहिलं.

"मावशी, हा चाचणीतला असेल," ती म्हणाली. "दसरा झाल्यावर ऑफिसात विचारा."

चिमणाबाई भांडली नाही. कागदाची घडी पिशवीत घालून तिनं रस्त्याच्या कडेला, गटारापाशी, पोतं अंथरलं.

आता तुम्हाला मंजुषाचा राग आला असेल. येऊ द्या. पण आठ वाजता तुम्हीही आला होतात फूलबाजारात. ओट्यावर चिमाजींनी सांगितला तो भाव तुम्ही मुकाट्यानं दिलात, खाली बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस केलीत, आणि निघताना, आपलंही एक काम अडलंय म्हणून, मंजुषाकडून साहेबांचा नंबर तेवढा घेतलात.