निघतानाचे दागिने

नलूमावशी माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायची. आधी कान. लग्न होऊन मी मांडवीत आले त्या दिवशी आळीतल्या बायका रीतीप्रमाणे माझा रंग, नाक आणि माहेरचं सामान बघत होत्या. तेवढ्यात एक किडकिडीत बाई गर्दीतून पुढे आली. तिने माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली, खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "भोक तिरकं पाडलंन गो. कोण होता मेला?" नव्या नवरीने सासरी पहिल्या दिवशी कशाकशावरून रडावं हे ठरलेलं असतं. मी भोकावरून रडले.

"लक्ष देऊ नको," सासूबाई म्हणाल्या. "नलू आहे ती."

आमच्या आळीत एवढं स्पष्टीकरण पुरत असे.

नलूमावशी आमच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. एकटी. लग्न का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण विचारणाऱ्याच्या कानाबद्दल ती काय बोलेल याचा नेम नसे. वडील सोनार, बाजारात भावांचं सोन्याचं दुकान, आणि ही दागिने करायची ते करवंटीचे, सुपारीचे आणि आंब्याच्या बाठ्यांचे. सोन्याला ती हात लावायची नाही. एकदा मी माझी अंगठी तिच्यापुढे धरली, "मावशी, हा खडा हलतोय का बघ गं." तिने ती हातात न घेता पदरात झेलली आणि पदरातूनच मला परत दिली.

"भावांकडे जा. मी त्या धंद्यात नाय."

मला वाटलं, कलावंताचा नखरा. शाळेत चित्रकलेचे एक सर होते, ते निळ्या शाईला हात लावत नसत. असतात एकेक.

आंब्याच्या दिवसांत नलूमावशीचा जाच सुरू व्हायचा. दुपारी जेवणं आटपायच्या सुमाराला ती बादली घेऊन दारोदार बाठे गोळा करत फिरे. नुसते बाठे देऊन भागत नसे. "नीट चोखून द्या हां. अर्धवट चोखलेला बाठा काळा पडतो." एकदा लांज्याहून माझ्या नणंदेचे यजमान आले होते. गृहस्थ जरा साहेबी. आंब्याच्या फोडी चमच्याने खात होते आणि बाठा त्यांनी ताटात बाजूला सारला होता. नलूमावशी बादली घेऊन त्यांच्या समोर उभी राहिली. "जावईबापू, तेवढा चोखून टाका, मी थांबत्येय." त्यांनी चोखला. आमच्या घराण्यात त्यांना कुणीतरी काहीतरी करायला लावलं असं तेवढं एकदाच घडलं.

ते बाठे मग आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर वाळत पडायचे. वाळले की ती पडवीत बसून करवतीच्या पात्याने कापायची, कानशीने घासायची, पॉलिश पेपर मारायची आणि शेवटी खोबरेल तेलाचं बोट फिरवायची. घासून घासून त्याच्या शिरा अशा उमटत की हा मेला आपण काल चोखून टाकलेला बाठा आहे यावर विश्वास बसू नये. ती वेडी होती, पण तिचं काम सुंदर होतं. हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण सांगितलं की ती आणखी तासभर घासत बसायची.

शनिवार-रविवार ती एसटीने गणपतीपुळ्याला जायची आणि देवळाच्या वाटेवर एका फळीवर माल मांडायची. आरसा ठेवत नसे. "आरसा हो ला हो करतो. मला विचारा." मग गिऱ्हाईक विचारायचं आणि पस्तावायचं. "हे तुम्हाला नको. तुमची पाळी पोळीसारखी पातळ, उद्या चिरेल." लोक पैसे पुढे करतायत आणि ही वस्तू मागे घेतेय, असा तो धंदा. तरी तिचं चाले, कारण तिने नाकारलेली बाई तिथेच उभी राहून भांडायची आणि भांडणाला गर्दी जमायची.

पण फळीखाली एक कापडाने झाकलेली टोपली असे. एकदा मी सोबत गेले होते तेव्हा पुण्याच्या एका मुलीने ते कापड उचललं. आत कानातली होती, गळ्यातलं होतं, एक नथही होती, आणि कशालाच तारेचा तुकडा नव्हता. सगळं दोऱ्यात ओवलेलं, आणि कानात घालायला आकड्याच्या जागी माडाच्या झावळीच्या हिराची तासलेली काडी.

"अय्या, हे किती वेगळं आहे! हेच द्या मला."

नलूमावशीने तिच्या हातावर चापटी मारली. "ते नाय. वरचं घे. वरचं सगळं फिरतानाचं. ते निघतानाचं."

"निघतानाचं म्हणजे? प्रवासाचं का?"

"तसंच म्हण," नलूमावशी म्हणाली. "तुला वेळ आहे अजून."

तर ही खरी नलूमावशी. आमच्यात मेलेल्या बाईच्या अंगावरचं सोनं तिला उचलायच्या आधी काढून घेतात. कुठे नाही काढत? कुड्या, पाटल्या, गळ्यातलं, सगळं मोजून ठेवतात आणि बाई लंकेची पार्वती होऊन जाते. जन्मभर कान मिरवला आणि जाताना नुसतं भोक, हे नलूमावशीला सहन होत नसे. म्हणून ती म्हाताऱ्यांसाठी निघतानाचे दागिने करायची. लाकूडच ते, कोण काढून घेणार? बरोबर जळून जायचं. तिची अट एकच, आणि ती अट ती दिवसातून कितीदातरी बोलायची. "मागे काय उरता नये. तिसऱ्या दिवशी राख चाळणारे हायत आपल्यात."

आळीतल्या बायांनी आधी तोंडाला पदर लावले. मग एकीने गुपचूप मागितलं, मग दुसरीने. मग चढाओढ लागली. एका दुपारी मी शाळेतून आले, मागे डोकावले, आणि माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. पडवीत चटयांवर आळीतल्या म्हाताऱ्या ओळीने उताण्या पडल्या होत्या. डोळे मिटलेले, हात छातीवर. नलूमावशी त्यांच्यामधून वाकून फिरत होती.

"ओरडू नको मास्तरीण," ती म्हणाली. "माप घेत्येय. उभ्या बाईच्या कानात लोंबतं ते आडव्या बाईच्या मानेत शिरतं. निघतानाचं आडवं पडूनच बघायला लागतं."

"मला मेलं लोंबतं नकोच," एकजण डोळे मिटूनच म्हणाली.

"तिच्यापेक्षा माझं लहान झालंय," दुसरीने एक डोळा उघडला.

"डोळे मीट! मेल्यावर बघणारेस काय?"

तिसरी काही बोलेना. हाक मारली तरी हलेना. सगळ्या ताडकन उठून बसल्या. ती झोपली होती. त्या दिवशी आळीत सगळ्या इतक्या हसल्या की पिण्याचं पाणी आलं तरी कुणी नळावर गेलं नाही.

एका भटजींनी हरकत घेतली होती. विधवेच्या अंगावर दागिने घालून नेत नाहीत, म्हणाले. नलूमावशी त्यांचे कान न्याहाळत म्हणाली, "दागिना कुठाय? लाकूड आहे. तुम्ही खाली रचता, मी वर ठेवत्येय." भटजी पुढच्या घरच्या पूजेला गेले.

आमच्या सासूबाईंचा मात्र या प्रकाराला विरोध. त्यांच्या कानात मोत्यांच्या कुड्या होत्या, त्यांच्या सासूच्या, आणि त्यांच्यावर माझ्या नणंदेचा, म्हणजे ताईवन्सांचा, डोळा होता हे पडवीतल्या मांजरालाही माहीत होतं. त्या लांज्याहून आल्या की आईला वाकून नमस्कार करताना आधी कुड्या आहेत का बघत. तरी सासूबाई म्हणायच्या, "मेल्यावर काय घालायचंय ते जित्यांनी बघावं. मला नको असली अभद्र थेरं." नलूमावशी जाता-येता सासूबाईंच्या कानांकडे बघायची, बस्स.

हे खूळ आलं कुठून, ते तिने मला एकदा सांगितलं. कानस चालवता चालवता, माझ्याकडे न बघता.

"आई गेली तेव्हा तिच्या कुडीची फिरकी गच्च बसलेली. वर्षानुवर्षं काढलीच नव्हती तिने. साबण लावला, तेल लावलं. फिरेना. भावजया बाहेर खोळंबलेल्या, माणसं तिरडी बांधून बसलेली. मग पक्कड आणली कोणीतरी. पाळी फाटली."

तिने कानस थांबवून भुसा फुंकला.

"रक्त नाय आलं गो. आलं असतं तर बरं वाटलं असतं."

मग ती पुन्हा घासायला लागली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मावशी, सगळ्यांचं केलंस. तुझं कुठाय निघतानाचं?"

तिच्या स्वतःच्या कानात दागिना कधीच नसे. भोक बुजू नये म्हणून बायका घालतात तशी हिराची साधी काडी दोन्ही कानांत. ती काडी चाचपून ती म्हणाली, "माझ्याकडे काढून घेण्यासारखं काय आहे? ज्याचं काढतात त्याला लागतं." मला ते पटलं. फार हुशारीचं वाटलं, म्हणून मी शाळेतही सांगितलं.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी ती बाठे मागायला आली नाही.

आम्ही जेवून उठलो, बाठे नीट चोखून ताटलीत ठेवले होते. सासूबाई म्हणाल्या, "नलू आली नाय अजून?" मी ताटली घेऊन मागे गेले. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर कानस, पायाशी भुशाचा छोटा ढीग. डोकं एका बाजूला कललेलं. मी हाक मारली. मापाच्या दिवशी चटईवर ती म्हातारी झोपली होती तशीच हीही असेल असं मला वाटलं, आणि मी ते खूप वेळ वाटू दिलं.

संध्याकाळच्या आत आळीतल्या बायका जमल्या. भावांना निरोप गेला, ते येऊन अंगणात खुर्च्यांवर बसले. आंघोळ घालून झाली, नवं लुगडं नेसवलं. मग सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. आम्ही तिची खोली शोधली. डबे, टोपल्या, उशीखाली, फळीवर. फिरतानाचं ढीगभर सापडलं, सगळं पितळेच्या तारेचं. निघतानाचं तिच्या मापाचं काहीच नव्हतं. जिने सगळ्या आळीचे कान झाकायची तजवीज केली तिच्या कानांत केरसुणीची काडी. मला तिचा इतका राग आला की काय सांगू.

"पितळेचं घाला," कुणी म्हणालं.

"राख चाळतील," दुसरी म्हणाली, आणि कुणालाच हसू आलं नाही.

एकेक म्हातारी उठून घरी जायला लागली. थोड्या वेळाने एकेक परत आली, पदराखाली काहीतरी घेऊन. माझं घाला. माझं घाला. माझं तिने परवाच पॉलिश करून दिलंय. हळूहळू आवाज चढले. मेलेलीसमोर भांडण जुंपणार अशी वेळ आली तेव्हा आमच्या सासूबाई काठी टेकत आत आल्या.

त्यांच्या हातात औषधाच्या गोळ्यांची डबी होती. त्यांनी ती उघडली. आत कुड्या होत्या, हुबेहूब त्यांच्या कानातल्या, मोत्यांच्या जागी करवंटीचे गोल घासलेले मणी. मी बघतच राहिले. "अभद्र थेरं" म्हणणारी बाई कधी मापाला चटईवर आडवी झाली होती, देवाला ठाऊक.

"सरका गो," त्या म्हणाल्या. सगळ्या सरकल्या. खाली बसताना त्यांना त्रास झाला, मी हात दिला. त्यांनी नलूमावशीच्या कानातली काडी हळूच ओढून काढली. मला जवळ बोलावून, बाहेर भावांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "आई गेली तेव्हा पक्कड हिच्याच हातात दिलेली भावांनी. सोनाराची पोर, तुझा हात हलका, तूच काढ म्हणाले. माप घेताना सांगितलंन मला. म्हणून स्वतःसाठी करीत नव्हती."

मग कुडीची काडी आत सरकली. एक कान झाला, दुसरा झाला. दोन्ही कुड्या पाळीवर नीट बसल्या, मानेत शिरल्या नाहीत.

उरलेलं गळ्यातलं आणि नथ कुणाकुणाची घातली ते मला आठवत नाही. मी बाहेर जाऊन भावांना म्हटलं, "न्या आता." ते आत आले, तिच्या कानांकडे बघून दोघांनी माना खाली घातल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी राख गोळा केली. मागे काही उरलं नव्हतं.

पुढे दहा-पंधरा दिवस आमच्या घरी आंबा कुणी कापला नाही. मग शेवटची पेटी नासायला लागली म्हणून मी एका दुपारी कापला. जेवणं झाली. ताटातले बाठे सवयीने बाजूला काढले, आणि आता कुणासाठी, म्हणून कचऱ्यात टाकायला उचलले.

"टाकू नको," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कानातल्या मोत्यांच्या कुडीला हात लावला आणि फिरकी फिरते का बघितलं. "धुवून गडग्यावर ठेव. तिची कानस कुठे ठेवलीस?"