जीपखालचे यशवंतराव

रस्त्याकडेला जीप उभी दिसली की आमचे शेजारी यशवंतराव चपला काढायचे, टोपी खिशात कोंबायचे आणि उताणे होऊन सरळ तिच्याखाली शिरायचे. बारामतीत तेव्हा जीपगाड्या चिक्कार. साखर कारखान्यांच्या, बँकांच्या, सरकारी खात्यांच्या. त्यामुळे साठी उलटलेला हा गृहस्थ आठवड्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या चाकांमधून पाय बाहेर काढून पडलेला असायचा. लोक त्यांना मेकॅनिक समजत. ते होते निवृत्त पोस्टमास्तर.

एकदा ते पोलिसांच्या जीपखाली शिरले. हवालदारानं पाय धरून ओढून काढलं.

"काय ठेवत होता खाली?"

"ठेवतोय कशाला? बघत होतो. तुमचा सायलेन्सर उजवीकडनं जातोय. आमच्या जीपचा कुठनं जातो, त्यो तपशील लागत न्हाय."

"कुठाय तुमची जीप?"

"पलंगाखाली."

यावर त्यांना दुपारभर चौकीत बसवून ठेवलं. शेवटी मी जाऊन सांगितलं, की साहेब, हे खरं बोलताहेत.

जीप पलंगाखालीच होती. हातभर लांब आणि सगळी प्लास्टिकच्या ठोकळ्यांची. पुण्याच्या मुलीनं नातवाचे जुने ठोकळे पोतडीभर पाठवले होते, रद्दीत घाला म्हणून. पोस्टातून सुटल्यावर यशवंतरावांना वेळ खायला उठलेला. त्यांनी पोतडी उपडी केली आणि त्यातून एक जीप उभी करायला घेतली. कुठलीतरी जीप नव्हे. त्यांची आणि धाकट्या भावाची, वामनची, सरकारी लिलावात घेतलेली जुनी जीप. ती रस्ता नसेल तिथं जायची. काळ्या रानातल्या चिखलात ट्रॅक्टर रुतला तर त्याला ओढून काढायची, असं ते सांगत.

"अंदाजपंचे नको," हा त्यांचा परवलीचा शब्द. "तपशील पायजे."

जीप हिरवी, आणि पोतडीत हिरवे ठोकळे थोडेच. कॉलनीतल्या पोरांना पोस्टाची जुनी तिकिटं देऊन त्यांनी हिरवे ठोकळे मिळवले. तरी एक बाजू तांबडी-निळी राहिलीच. "त्या बाजूनं बघू नका," असं ते पाहुण्यांना बजावत. पण काम मात्र असं, की बॉनेट उघडायचं, स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळायची, मागची स्टेपनी निघायची. चाकांवरचे, धक्के झेलणारे पाटे त्यांनी रबरबँड ताणून बसवले होते. ते दबतात का, हे बघायला जीप उशीवरून न्यायची, पोळपाटावर चढवायची. परातीत भिजवलेली कणीक दिसली की संपलंच.

"काळ्या रानातला चिखल अस्साच असतो," जीप कणकेतून नेत ते म्हणत.

"मग आता ह्या चिखलाच्या चपात्या खावा," हौसाबाई म्हणायच्या. त्या त्यांच्या पत्नी. परात उचलून त्या आत जात, आणि जेवताना यशवंतराव दाताखाली आलेला ठोकळा काढून निमूट पुसून ठेवत.

मी तेव्हा बियाणं आणि खतं विकायचो. माझी फिरती इंदापूर तालुक्यात. हे कळल्यावर यशवंतराव एका सकाळी दारात उभे.

"बियाणेवाले, वरकुट्याला जाता का?"

"जातो की. दर पंधरवड्याला."

"तितं वामन हाय. आमचा धाकटा. जीप त्याच्या दारात हाय. जरा इचारा, पुढच्या चाकाला पाटं किती ते."

"तुम्हीच पत्र टाका ना. जन्मभर पोस्टात होता."

ते चक्कीवर निघून गेले. उत्तर दिलं हौसाबाईंनी, मागाहून. यशवंतराव नोकरीमुळे गावोगाव. जीप वामन चालवायचा, लग्नाची भाडी मारायचा. एका लग्नसराईत तो वऱ्हाड घेऊन लांब गेला, आणि इकडं आईच्या छातीत कळ आली. सुट्टीवर आलेल्या यशवंतरावांनी तिला बैलगाडीनं मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथून मिळेल त्या वाहनानं इंदापूर. आई गेली. वामन परत आला तेव्हा दारात माणसं बसलेली. त्या सगळ्यांदेखत यशवंतरावांनी त्याला एवढंच विचारलं, "वऱ्हाड पोचलं का येळंवर?"

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

वरकुट्यात वामनराव लिंबाखाली बाजेवर बसलेले सापडले. किडकिडीत, दाढी वाढलेली, बोलताना मधेच खोकणारे. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि दारात, त्याच लिंबाखाली, ती खरी हिरवी जीप, टायर बसलेली. आईनंतर त्यांनी ती भाड्यानं दिली नव्हती. मी भीत भीत पाट्यांचं विचारलं.

"कोन इचारतंय?"

"यशवंतराव."

 वामनराव उठले, टॉवेल अंथरला आणि जीपखाली शिरले. शिरण्यापूर्वी चपला काढल्या. आतून खोकत खोकत त्यांनी पाटे मोजून सांगितले, आणि वर म्हणाले, "सांगा त्याला, एक पाटा तुटका हाय. तुटकाच दाखवायचा."

यशवंतरावांनी तुटकाच दाखवला.

मग माझा हा जोडधंदाच झाला. सायलेन्सर कुठून वळतो, टपाच्या ताडपत्रीला कड्या कुठं, गियरच्या दांड्या किती. बियाणं खपो न खपो, हे प्रश्न घेऊन मी जायचो. वामनराव सविस्तर उत्तरं द्यायचे आणि वर टोमणा असायचाच. "सांगा पोस्टमास्तरला, दांडी गियरची हाय, शिक्का मारायची न्हवं." टोमणा ऐकून यशवंतराव चिडत. "गाढव हाय नुसता," म्हणत, आणि टोमणा पुन्हा एकदा सांगायला लावत.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर गेलो तर लिंबाखाली जीप नव्हती. जमिनीवर ऑइलचा काळा डाग तेवढा होता. वामनराव बाजेवर आडवे.

"भंगारात दिली," ते म्हणाले. "दवाखान्याला लागलं. दादाला सांगू नका."

"मग मी विचारायचं काय?"

"काय इचारायचं ते इचारा. मी हाय न्हवं?"

त्या दिवशीचा प्रश्न होता मागच्या फळीच्या बिजागरीचा. त्यांनी डोळे मिटले, हवेत हात पुढं केला, फळी उघडल्यासारखा खाली आणला आणि सांगितलं, "दोन. डावी जरा वाकडी." मी परत येऊन तसंच सांगितलं. जीप गेल्याचं बोललो नाही.

पुढंपुढं माझ्या लक्षात यायला लागलं, की यशवंतरावांना उत्तराशी फारसं काही घेणंदेणं उरलेलं नाही. मी फूटबोर्डाची लांबी सांगतोय आणि ते मधेच विचारायचे, "बसून सांगितलं का झोपून?"

"झोपून."

"उशी किती हुत्या?"

एकदा मी बिजागऱ्या तांबड्या ठोकळ्यांच्या का केल्या, असं विचारलं तर म्हणाले, "कुठल्या बिजागऱ्या?" अशी त्यांची तऱ्हा. आणि जीप तर पुरी होत आली होती. ती आणखी पुरी होऊ नये म्हणून की काय, एका सकाळी त्यांनी पुढची चाकं काढून ठेवली आणि मला म्हणाले, "पाट्यांचं परत एकदा इचारून घ्या. मला शंका येतीय."

मी वैतागलो. "यशवंतराव, चला माझ्या मागं बसून. दीड-दोन तासांत पोचू."

"त्यानं बोलावलंय का?"

तिकडं वामनरावांना म्हटलं, दादांना घेऊन येतो. ते म्हणाले, "त्यो येतो म्हनला का?"

दोघांच्या मधे मी आणि माझी मोटारसायकल. एकाला खोटंच सांगितलं असतं की दुसऱ्यानं बोलावलंय, तर काम झालं असतं. पण दोघंही तपशील मागणारे. कुठल्या शब्दांत बोलावलं, म्हणून विचारलं असतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी इंदापूरच्या एका खत दुकानदारानं फोन करून कळवलं, की वामनराव गेले. मी यशवंतरावांना सांगितलं. ते जीपसमोर बसलेले होते. ऐकून उठले, सदरा चढवला आणि काही न विचारता माझ्या मागं बसले. 

आम्ही पोचलो तेव्हा सगळं आवरलं होतं. विहारातली मंडळी त्रिशरण म्हणून गेली होती. वामनरावांची बायको सुमनबाई उंबऱ्यात बसली होती. यशवंतराव आधी तिच्याकडं गेलेच नाहीत. अंगणभर बघत राहिले. मग लिंबाखाली गेले, तो काळा डाग बघितला.

"जीप कुठाय?"

"ती जाऊन झालं की चार-पाच म्हैनं," सुमनबाई म्हणाली.

"मग एवढं सगळं सांगत हुता कशावरनं?"

"डोळं मिटून. म्हनायचं, दादा इचारतोय तवर सांगायचं."

यशवंतराव खाली बसले, त्या डागावरच. मातीवरनं हात फिरवत म्हणाले, "सुमन, आईच्या वक्ताला डॉक्टर मला बोलले हुते. म्हनले, दारात गाडी उभी असती तरी ती हाताला लागली नसती. आधीचंच दुखनं हुतं तिचं. मला ते तवाच ठावं हुतं."

  सुमनबाई उठली, पदर सावरला.

"ह्ये त्यांना सांगायचं हुतं, दादा," ती म्हणाली आणि आत गेली.

आतून बराच वेळ कुणी आलं नाही. लिंबाची पानं झडलेली. ऊन सरकत यशवंतरावांच्या डोक्यावर आलं. मी म्हटलं, जरा इकडं भिंतीच्या सावलीत बसा. त्यांनी मान हलवली, आणि तिथंच बसून राहिले.