गायधनींचे ‘न सांगितल्यास’

“बाईंना त्या गायधनीने यंत्राला विचारतात तसले प्रश्न विचारले, म्हणून स्थळ मोडलं. त्या माणसाला माणसाची गरजच नाही,” असे आमच्या सोसायटीचे सचिव दाणी पार्किंगमध्ये उभे राहून भेटेल त्याला सांगत असतात. दाणी त्या वेळी तिथे नव्हते. मी होतो. सातपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासून नाकारण्यात माझी सारी नोकरी गेली. दाण्यांचा हा माल मी नाकारतो.

हेमंत गायधनी आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. वय पन्नाशीच्या अलीकडचे. त्यांच्या घंटीखाली चिठ्ठी आहे: ‘एकदा दाबावी. दार उघडण्यास वेळ लागतो. पुन्हा दाबल्याने तो कमी होत नाही.’ भाजी घेतानाही तोच थाट. “कोथिंबीर, एक जुडी. मुळे चालतील. नसल्यास पुदिना देऊ नये.”

“भाऊ, एवढं तर माझा नवरा पण नाय सांगत,” भाजीवाली म्हणते.

माझ्या पत्नीने एकदा उपमा पुढे ठेवला, तर यांचा प्रश्न, “काकू, न सांगितल्यास यात शेंगदाणे असतात की नसतात?”

“हेमंत, माझ्याकडे न सांगितल्यास उपमाच नसतो.”

एवढ्या स्पष्ट उत्तराने त्यांचा चेहरा उजळला होता.

त्यांचे काम दाण्यांना आजतागायत समजलेले नाही, म्हणून सांगतो. पडद्यावर आपण जे दाबतो, निवडतो, सरकवतो, ती बटणे, तारखेच्या चौकटी, पर्यायांच्या याद्या, हे सारे आता तयार सुटे भाग असतात, आमच्या नट-बोल्टांसारखे. ते जोडून प्रोग्रॅम लिहिण्याचे काम माणसे एआयवर सोपवतात. त्या एआयला एजंट म्हणतात. एजंट विलक्षण हुशार. परंतु एखाद्या भागाची माहिती नसली, की तो ती बेधडक रचून मोकळा होतो. म्हणून त्याने आधी एका टूलला, म्हणजे सगळ्या भागांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारायचे असते: या भागाचे नाव काय, याला काय द्यावे लागते, आणि काहीच न दिल्यास हा कसा वागतो? त्या टूलला कसे विचारावे आणि मिळालेले उत्तर कसे वाचावे, याची माहिती गायधनी लिहितात. वाचणारा एजंटच. माणसाच्या नजरेला ती पडण्याचा संभव जवळजवळ नाही.

तरीही प्रत्येक वाक्य ते आधी मराठीत लिहितात आणि संध्याकाळी गच्चीवर मला वाचून दाखवतात. नाशिक रोड स्टेशनवरची घोषणा वाऱ्यावर अर्धीमुर्धी येत असते, पांडवलेणीच्या डोंगरामागे उजेड विरघळत असतो, आणि त्यांचा संथ आवाज चालू असतो: “चौकट. उघडी असते किंवा मिटलेली. न सांगितल्यास मिटलेली. उघडली असता मागचे सारे मंद होते…” ऐकता ऐकता मला वाटू लागते, की खाली दिवे लागत चाललेल्या या शहरात कोणीतरी अलगद हिंडते आहे, आणि एकेका खिडकीचे नाव घेऊन ती उघडते आहे.

“काका, झोपलात?”

“तपासतोय.”

मग माझी परीक्षा. “आता तुम्ही एजंट. हुशार, उत्साही, आणि ‘माहीत नाही’ हे शब्द ज्याच्या तोंडून निघत नाहीत असा. सोसायटीत दुसरा उमेदवार नाही.” ही स्तुतीच होती, असे माझे मत आहे. ते एखादा भाग मागत, मी खणखणीत आवाजात नाव सांगे.

“असा भागच नाही, काका! विचारलं का नाहीत?”

“नसेल, तर असायला हवा,” मी म्हणे. आजही म्हणतो.

अशाच एका संध्याकाळी हातातले कागद खाली ठेवून ते म्हणाले, “काका, उद्या शैलजाबाई येताहेत. या वेळी जमायला हवं हो. घरात मी काही बोललो, तर त्यावर पुढे कोणी बोलतच नाही.” त्यांचे आईवडील नाहीत, वडीलधारा म्हणून मी बसावे, ही विनंती.

शैलजाबाई सातपूरला नोकरी करतात. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. मध्यस्थ नको म्हणून त्या एकट्याच आल्या. चहा झाला, आणि गायधनींनी विचारलेच. “तुम्हाला पंखा चालतो? सकाळी बोललेलं चालतं? रागावलात तर बोलता की गप्प बसता? आणि न सांगितल्यास मी काय समजायचं?”

हे प्रश्न झाले, हे मी नाकारीत नाही. दाण्यांना ते लिफ्टमध्ये माझ्या पत्नीकडून कळले. उत्तरांपर्यंत येण्याआधी त्यांचा मजला आला.

बाई हसल्या नाहीत. कप खाली ठेवून त्यांनी क्रमाने सांगितले, “पंखा चालतो. चहा होईपर्यंत बोललेलं चालत नाही. रागावले तर गप्प बसते. आणि न सांगितल्यास काही समजू नका. विचारा.”

उपम्याच्या वेळी उजळला होता तसा गायधनींचा चेहरा उजळला.

“आता तुमचं सांगा,” बाई म्हणाल्या.

“माझं? माझं काही नाही. मला काहीही चालतं.”

“हे उत्तर नाही झालं.”

जगातल्या प्रत्येक बटणाची आवडनिवड ठाऊक असलेला हा माणूस स्वतःच्या खुर्चीत चाचपडत होता. आई गेल्यापासून त्यांना काय चालते, हे कोणी विचारलेलेच नव्हते. मीही नाही, मी त्यांच्या वतीने परस्पर सांगत आलो होतो. सवयीने मी तोंड उघडले, “यांना असं आहे, की…”

“काका, तुम्ही नको,” बाईंनी हात वर केला. “तो अंदाज होईल.”

आयुष्यात प्रथमच मी वाक्य अर्धे सोडले.

त्या दिवशी होकार झाला नाही, हे दाण्यांचे मी मान्य करतो. पण ‘मोडले’ म्हणणाऱ्याने एवढी एकच गोष्ट ऐकावी.  गायधनींचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. आणि शैलजाबाईंनी, “सावकाश आठवा,” असे म्हणून, आल्यापासून मांडीवर धरून ठेवलेली पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली.