हसनभायच्या चपला

मदरशातून कोणीही निघालं, तर त्याच्या निरोपाचं कुबरा आपांनी बघायचं, हा एकतीस वर्षांचा शिरस्ता होता. कुराण पूर्ण करून निघणाऱ्या मुली, लग्न होऊन कल्याणला गेलेल्या शिक्षिका, सगळ्यांची नोंद त्यांच्या लाल रजिस्टरात होती. नाव, तारीख, काय दिलं, कुठे गेले. त्यामुळे आपांनीच पनवेलला मुलाकडे जायचं ठरवलं, तेव्हा कमिटीची पंचाईत झाली. खुर्च्या कुठून येतात, बिर्याणीला तांदूळ किती लागतो, माइक कोणाचा चालतो, हे आपांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी सेक्रेटरी ओसामाशेठ आपांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचे कापडाचे चौदा लूम होते, पण अलिफ-बे याच आपांकडे शिकल्यामुळे इथे आवाज फुटत नसे.

"आपा, रविवारी एक निरोपाचा प्रोग्राम करायचा हाय."

"कोणाचा?"

हा प्रश्न येईल, असं कमिटीत कोणालाच सुचलं नव्हतं. तेवढ्यात अंगणातून बादली घेऊन हसनभाय गेला. मदरशाचं पाणी भरणं, घंटा देणं, फाटक लावणं, सगळं त्याच्याकडे.

"हसनभायचा," ओसामाशेठ म्हणाले आणि काढता पाय घेतला.

आपांनी रजिस्टर पुढे ओढलं. आपल्या निरोपाचं कोणी नावही काढत नाही, हे त्यांना लागलं होतं. पण त्यासाठी रजिस्टरात रकाना नव्हता. त्यांनी नवं पान उघडून लिहिलं : हसन, सव्वीस वर्षं.

कार्यक्रम खरा कोणाचा, हे गुपित कमिटीनं इतकं चोख पाळलं, की ज्यांना सांगायला हवं होतं त्यांनाही ते कळलं नाही. शुक्रवारी अलिजा, आपांच्या हाताखाली शिकून आता तिथेच शिकवणारी मुलगी, सुतळी घेऊन हसनभायकडे आली.

"चाचा, पाय पुढे करा. माप घ्यायचंय."

"कशाला?"

"आपा चपला आणतायत. तुमच्या निरोपाला."

हसनभायनं पाय पुढे केला. कोणाला काही विचारलं नाही. त्याच दिवशी तो राहनाळच्या गोडाऊनांकडे जाऊन आला आणि शनिवारी आपांना म्हणाला, "गोडाऊनवर ड्युटी मिळाली, आपा. सोमवारपासून."

आपांनी 'कुठे गेले'च्या रकान्यात लिहिलं : राहनाळ.

रविवारी खुर्च्या वेळेवर आल्या, बिर्याणीला दम लागला, माइक एका फटक्यात चालू झाला. आपांनी हसनभायवर भाषण केलं. मुली रडल्या. हसनभाय तर पहिल्या वाक्यालाच रडला. ओसामाशेठना घाम फुटला होता. त्यांनी माइक घेतला.

"हा प्रोग्राम खरं तर आपांचा हाय."

"मग माझा?" हसनभायनं विचारलं.

"तुमचा न्हाय. तुम्ही कुठे चाललात?"

"राहनाळला. उद्यापासून ड्युटी हाय."

ओसामाशेठ मिळेल त्या खुर्चीवर बसले. "अहो, एकदा विचारायचं तरी."

"काढलेल्या माणसानं काय विचारायचं, शेठ?"

"ओसामा, उभा राहा," आपा म्हणाल्या. चौदा लूमचे मालक उभे राहिले. "खोटं का बोललास?"

"तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं, आपा."

"दिलंस." मुली खुदखुदल्या. आपा हसनभायकडे वळल्या. "तुला जायचं हाय का?"

"न्हाय."

"मग गेलास कशाला नोकरी बघायला?"

"तुम्ही इतक्या मनापासून तयारी करत होता. म्हटलं, आता न्हाय गेलो तर बरं दिसणार न्हाय."

आपांनी तिथूनच राहनाळला फोन लावला. गोडाऊनच्या मॅनेजरची बायको त्यांच्याकडेच शिकली होती, त्यामुळे ड्युटी दोन मिनिटांत रद्द झाली.

मग कमिटीनं घाईघाईनं आपांच्या हातात भेटवस्तूचा खोका ठेवला. आपांनी तो उघडायची तसदी घेतली नाही. आणला त्यांनीच होता. आत मर्दानी चपला होत्या, नऊ नंबर. त्यांनी खोका हसनभायला दिला, चष्मा लावला आणि रजिस्टरात 'राहनाळ' खोडून लिहिलं : कुठेच नाही.

"आता खाली माझं," त्या अलिजाला म्हणाल्या. "पुढे रजिस्टर तुझ्याकडे. लिही."

अलिजानं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि थांबली. "आपा, काय दिलं?"

खोका तर हसनभायच्या हातात होता. मग ओसामाशेठ पुढे आले. "तुमचा पुढच्या रविवारी करतो, आपा. नीट. थांबाल ना?"

"मुलाला सांगते, आठ दिवसांनी ये म्हणून." आपा हसू लपवायला रजिस्टरात बघत होत्या. "पण या वेळी सगळं तुम्ही करायचं. मी हात लावणार न्हाय."

"हो, हो. तुम्ही फक्त बसायचं." ओसामाशेठनी कान खाजवला. "एवढं एक सांगा, खुर्च्या कुठून येतात?"

आपांनी पान उलटलं. "अलिजा, लिहून घे."

अंगणात नव्या चपला करकरत गेल्या आणि घंटा झाली.